डीप-स्काय (तेजोमेघ, दीर्घिका अशा अंधुक गोष्टींच्या) फोटोसाठी कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वाढवण्याचं सेटिंग, किती ठेवावा? शून्य, युनिटी (जिथे एका इलेक्ट्रॉनला फाइलमध्ये एक आकडा मिळतो) की आणखी जास्त?

आधी एक गैरसमज काढून टाका: गेन वाढवला म्हणून प्रकाश जास्त गोळा होत नाही. तो ठरतो टेलिस्कोपवर आणि एकूण एक्स्पोजरवर. गेन वाढला की रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा गोंगाट) कमी होतो, पण पिक्सेलची इलेक्ट्रॉन साठवायची क्षमताही घटते आणि ठळक तारे लवकर पांढरे पडतात.

युनिटी गेनचा फार बाऊ केला जातो. त्या आकड्यात जादू नाही. त्यापेक्षा उत्पादकाने दिलेला रीड नॉइजचा आलेख बघा. बऱ्याच नव्या सीमॉस कॅमेऱ्यांत एका ठिकाणी नॉइज एकदम खाली येतो, कारण तिथे सेन्सर वेगळ्या मोडमध्ये जातो. आयएमएक्स५७१ सेन्सरच्या झेडडब्ल्यूओ एएसआय२६०० मध्ये ही पायरी गेन १०० ला आहे. मी बहुतेक वेळा तिथेच थांबेन.

मग एका फ्रेमचं एक्स्पोजर ठरवा. ढोबळ नियम असा की आकाशाच्या पार्श्वभूमीचे प्रत्येक पिक्सेलमधले इलेक्ट्रॉन रीड नॉइजच्या वर्गाच्या दहापट तरी हवेत. नॉइज १.५ इलेक्ट्रॉन असेल तर साधारण २३ पुरतात, ३ असेल तर ९० लागतात. म्हणजे चौपट वेळ! नॅरोबँड फिल्टरमधून (जो प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच सोडतो) आकाश फारच काळं येतं, म्हणून तिथे कमी नॉइजचा गेन खरा कामाला येतो. मृग नक्षत्रातल्या एम४२ तेजोमेघाचा गाभा मात्र जळतोच. त्यासाठी थोड्या सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घ्या.

आणि डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या) त्याच गेन-ऑफसेटवर, त्याच तापमानाला.