घोड्यांच्या आतड्यांतील संसर्गावर काम सुरू करणाऱ्या नव्या संशोधकासाठी

या विषयात नव्याने येणाऱ्यांचे लक्ष बहुधा प्रयोगशाळेतील यंत्रांकडे असते. माझ्या मते ते आधी लिदीकडे असावे. नमुना ताज्या लिदीतूनच घ्यावा, पिशवीतील हवा काढून ती बंद करावी आणि थंड ठेवावी, कारण उबेत स्ट्राँगाइल कृमींच्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि मोजणी फसते. साल्मोनेलाचा संशय असल्यास एका नमुन्यावर विसंबू नका: हा जिवाणू लिदीतून सतत बाहेर पडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी किमान तीन, शक्य तर पाच नमुने तपासावेत.

अंड्यांच्या मोजणीचा अर्थ लावताना विशेष सावध राहा. ‘लहान स्ट्राँगाइल’ या गटातील कृमींच्या अळ्या आतड्याच्या भित्तिकेत कोष करून महिनोनमहिने दडून राहतात. त्या एकदम बाहेर पडल्या की घोड्याला तीव्र अतिसार होतो, आणि तेव्हाही लिदीत एकही अंडे न सापडणे शक्य असते. जंतनाशकाचा परिणाम तपासायचा असेल, तर औषध देण्यापूर्वी आणि त्यानंतर १४ दिवसांनी त्याच घोड्यांची मोजणी करावी. (नुसती कळपाची सरासरी मला पटत नाही, कळपातील बहुतांश अंडी थोडेच घोडे टाकत असतात.)

दूध तुटलेल्या शिंगरांत अंगावर सूज, घटते वजन आणि रक्तात प्रथिनांची कमतरता दिसल्यास लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस या जिवाणूचा विचार करा. तेव्हा लिदीची पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि रक्तातील प्रतिपिंडे दोन्ही तपासावीत, कारण प्रतिजैविके सुरू झाल्यानंतर पीसीआर नकारात्मक येऊ शकते.