वाचकांचे प्रश्न : नावावर पुस्तक नसलेल्या चित्रकारासाठी पुरस्कार

प्रश्न : उपयोजित कलेची पदविका घेऊन मी कुडाळजवळ गणपतीच्या शाळेत रंगकाम करतो आणि उरलेल्या वेळात मुलांच्या गोष्टींसाठी चित्रे काढतो. काही चित्रे दिवाळी अंकांत छापून आली, पण माझ्या चित्रांचे पुस्तक अजून निघालेले नाही. मला कोणत्या पुरस्कारासाठी प्रयत्न करता येईल?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : जेथे छापील पुस्तकाशिवाय प्रवेशच नाही, ते पुरस्कार आधी बाजूला ठेवू. स्लोव्हाकियातील ब्रातिस्लावा येथे १९६७ पासून दर दोन वर्षांनी होणारे प्रदर्शन प्रकाशित पुस्तकांतील चित्रांचे असते. ब्रिटनचा क्लाउस फ्लुगे पुरस्कार पहिल्याच चित्रपुस्तकासाठी असला, तरी ते पुस्तक तेथे प्रकाशित झालेले असावे लागते. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लेखकाला मिळतो, चित्रकाराला नाही. ज्या मुलाला अजून अक्षरओळख नाही, ते पुस्तकातली चित्रेच वाचत असते, हे ध्यानात घेता मला ही उणीव फार खटकते. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ या बालसाहित्यविषयक उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार चित्रकारांनाही दिला जातो, पण त्यात आजवरचे एकूण काम पाहिले जाते.

आपल्यासाठी खरी वाट इटलीतील बोलोन्याची आहे. तेथील बालपुस्तक मेळ्यातील चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी पाच चित्रे मागवली जातात आणि ती अप्रकाशित असली तरी चालतात. प्रदर्शनासाठी निवड झालेल्या, पस्तिशीच्या आतील चित्रकारांमधून एकाला स्पेनमधील एसएम फाउंडेशनचा पुरस्कार मिळतो. त्याची रक्कम १५ हजार डॉलर असून विजेत्याला नवे चित्रपुस्तक करण्याची संधीही मिळते.

मात्र पाच सुंदर चित्रे म्हणजे चित्रमालिका नव्हे, आणि बहुतेक नवे चित्रकार अडतात ते येथेच. पहिल्या चित्रातल्या मुलीच्या परकराला ठिपक्यांचा काठ असेल आणि तिसऱ्यात तो पट्ट्यांचा झाला असेल, किंवा समोरून गोल दिसणारा तिचा चेहरा बाजूने पाहताना दुसऱ्याच मुलीचा वाटत असेल, तर रंगकाम कितीही सफाईदार असले तरी गोष्ट तुटते. म्हणून रंग हातात घेण्यापूर्वी तीच मुलगी धावताना, रुसलेली, पाठमोरी अशी पुन्हापुन्हा रेखाटून पाहावी. पिंगुळी तर आपल्या शेजारीच आहे. तेथील चित्रकथीच्या पोथ्या या दृष्टीने अवश्य पाहाव्यात. कथा गाऊन सांगताना एकेक पान प्रेक्षकांपुढे धरले जाते, त्यामुळे पात्र प्रत्येक पानावर पाहताक्षणी ओळखू यावे लागते. तेवढेच घ्यावे, परदेशी परीक्षकांना भारतीय वाटावे म्हणून ती शैली उसनी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. कोणत्याही स्पर्धेच्या नियमावलीतील हक्कांचे कलम नीट वाचावे. आयोजकांना चित्रे प्रदर्शनात मांडण्याची आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेत छापण्याची परवानगी देणे रास्त आहे. परंतु केवळ सहभागाच्या बदल्यात चित्रांवरील सर्व हक्क कायमचे मागितले असतील, तर बक्षीस कितीही मोठे असले तरी तेथे चित्रे पाठवू नयेत.