सरकारी दवाखान्यात मनासारखं बाळंतपण होऊ शकतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सातवा महिना आहे, गाव राळेगावकडचं, नाव ग्रामीण रुग्णालयात घातलंय. कळांच्या वेळी आई जवळ हवी, टेबलावर पाय अडकवून पडून राहणं नको, आणि घरचे म्हणतात असले लाड खासगीतच होतात. मी याच पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला स्टाफ नर्स आहे, म्हणून आतलं सांगते. यातलं बरंचसं होतं. फक्त ते कळा सुरू झाल्यावर मागू नका. रात्री दोन वाजता तीन बाया एकदम आल्या, ड्युटीवर मी आणि एक मावशी, अशा वेळी नवीन काही ऐकून घ्यायला कोणाला फुरसत नसते. आठव्या महिन्यातच येऊन बोला. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांच्या तपासणीची झुंबड असते, तो दिवस टाळा. एरवी ओपीडी ओसरल्यावर आशाताईला घेऊन या आणि इन्चार्ज सिस्टरला म्हणा, लेबर रूम एकदा पाहू द्या. ओळखीच्या बाईशी कोणीही जरा सांभाळूनच बोलतं.

आईचं म्हणाल तर ते लाड नाहीतच. बाळंतिणीजवळ सोबतीण राहू द्यावी असं केंद्राने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना कळवलंय, आणि २०१७ ला लेबर रूमचा दर्जा सुधारायचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला त्यात लेबर रूम तपासताना हेही पाहतात. सोबतीण बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली, तिला संसर्गाचा आजार नसावा, आणि तिने उपचारात हात घालू नये, एवढंच. आमची खरी अडचण निराळी आहे. एकीच्या जागी चौघी येतात, सासू, जाऊ, आत्या, शेजारीण, आणि मग सिस्टर सगळ्यांनाच बाहेर घालवते. तेव्हा घरात आधीच एक नाव ठरवा. आई की सासू हा वाद लेबर रूमच्या दारात आला की तुमचं कोणी विचारतच नाही, हे मी कितीदा पाहिलंय. नवऱ्याला मात्र आत घेणं आमच्याकडे कठीण. दोन टेबलांच्या मध्ये नुसता पडदा असतो, पलीकडे दुसरी बाई असते.

पडून राहायचं नसेल तर नका राहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट आहे की जोखीम नसलेल्या बाईने कळांमध्ये चालावं, बसावं, खावं-प्यावं. लिंबूपाणी, पातळ आंबील, चहा-बिस्किट चालतं. उपाशी ठेवायचा आग्रह बहुतेक वेळा घरच्यांचाच असतो. बाळ बाहेर येतानाची गोष्ट जरा वेगळी. उकिडवं बसवून बाळंतपण करायचा हात आमच्यातल्या फार जणींना नाही, खोटं कशाला सांगू. पण डाव्या कुशीवर, किंवा पाठीला उंच टेका देऊन, हे बहुतेक सिस्टर करतील. आधी विचारलं तर.

पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत कळा जोरात धरलेल्या नसतात, आणि पहिलटकरणीला तिथून पुढेही बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. हे घरच्यांना आताच सांगून ठेवा. कारण चार तास झाले की तेच म्हणतात, “सिस्टर, इंजेक्शन मारा न, किती वेळ लावून राहिले!” कळा वाढवायचं औषध कारण असेल तेव्हाच, सलाइनमधून, थेंब मोजून द्यायचं असतं. बाळ व्हायच्या आधी कोणी ते दंडात किंवा कमरेत टोचत असेल तर नको म्हणा. पोटावर जोर देऊन दाबणं नको म्हणा. बाळाची वाट मोठी करायला सरसकट काप देऊन टाके घालणंही आता शास्त्राला धरून नाही, गरज असेल तर आधी सांगा म्हणा. याउलट बाळ झाल्याबरोबर मांडीत जे इंजेक्शन देतो ते अजिबात नाकारू नका. अतिरक्तस्रावाने बाई तासाभरात हातची जाते, तो टाळायला ते असतं. दोन्ही वेळा औषध तेच, ऑक्सिटोसिन, म्हणून लोकांचा घोळ होतो. नाळ मिनिटभर थांबून कापा, बाळ पुसून लगेच माझ्या छातीवर द्या, हेही सांगून ठेवा. त्याला काही खर्च नाही, फक्त घाईत राहून जातं.

आता जे निवडता येत नाही ते. हिमोग्लोबिन सातच्या खाली, बीपी १४०/९० किंवा वर, जुळं, आडवं किंवा पायाळू बाळ, आधीचं सिझर, यांपैकी काही असेल तर आमच्याकडे थांबायचा हट्ट करू नका. यवतमाळचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचं रुग्णालय आधीच ठरवा. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, फार, तो रिपोर्ट पाहिलाय का? नुसत्या वाहक बाईला सहसा अडचण येत नाही, पण आजारच असेल तर बाळंतपण मोठ्या ठिकाणीच. तिथे सिझर झालं तरी का करताय हे विचारायचा हक्क तुमचाच, आणि शुद्धीत असलेल्या सज्ञान बाईची सही हीच खरी संमती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात मुलगी भुलीखाली असताना आईने दिलेली परवानगी ग्राह्य धरली नव्हती. तरी कागद नवऱ्यापुढे सरकवायची सवय आहेच. तुम्ही म्हणा, वाचून दाखवा, मीच करते सही.

कोणी ओरडलं, अंगावर हात टाकला, तर दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. त्याच वॉर्डात आणखी दोन दिवस काढायचेत म्हणून बाया गप्प बसतात, ते समजतं मला. सुट्टी झाल्यावर दिलं तरी चालतं.

राहिला पैशाचा प्रश्न. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून न्यायला आणि परत सोडायला गाडी, सगळं मोफत आहे. १०२ चा नंबर आईच्या मोबाइलमध्येही टाकून ठेवा, आणि तुमच्या गावाला गाडी यायला खरंच किती वेळ लागतो ते आशाताईला विचारा. पावसात नाल्याला पूर येऊन रस्ता तुटत असेल तर तारखेच्या आठवडाभर आधीच इकडच्या नातेवाइकांकडे येऊन राहा.