सर्व्हरचं बिल आणि टॉवरचं भाडं

प्रश्न : ताई, नमस्कार. तीन वर्षांपूर्वी मी मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर रानभाज्या आणि देशी झाडांसाठी एक मराठी सर्व्हर सुरू केला. आज ६०० खाती आहेत, त्यांतले दीडशे जण नियमित लिहितात. सर्व्हर, फोटोंची साठवण, बॅकअप, ईमेल, डोमेन (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) असं सगळं धरून महिन्याला ४,३०० रुपये जातात आणि ते मीच भरतो. मागच्या वर्षी क्यूआर कोड टाकला. पहिल्या महिन्यात ६,००० आले, चौथ्या महिन्यात ७००. आता एक नर्सरीवाले वर्षाचा सगळा खर्च उचलायला तयार आहेत. बदल्यात पानाच्या माथ्यावर त्यांचं नाव हवं. न्यू जर्सीतले दोघेही पैसे पाठवतो म्हणतात. बायको म्हणते, घ्या आणि मोकळे व्हा. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वहिनींचं मला अर्धं पटलं. घ्या, पण मोकळे होऊ नका.

आमच्या सोसायटीची मी नऊ वर्षं खजिनदार होते. दुसऱ्याच वर्षी गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसला. भाडं इतकं चांगलं की सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजवून मेंटेनन्स निम्म्यावर आणला. मी विरोध केला नाही, मलाही बरंच वाटलं होतं. सहा वर्षांनी टॉवर उतरला. मेंटेनन्स पूर्वीइतका करायचा ठराव मांडला, तर लोक म्हणाले, "एकदम दुप्पट?" त्या वादात लिफ्टचं बिल थकलं आणि लिफ्ट अकरा दिवस बंद. चौथ्या मजल्यावरच्या आजी अजून मला ते ऐकवतात. तुमच्या नर्सरीवाल्यांबद्दल वाचताना मला ती लिफ्टच दिसत होती.

इतर वाचकांसाठी सांगते : मॅस्टोडॉन म्हणजे एक कंपनी, एक इमारत असा प्रकार नाही. हजारो छोटे सर्व्हर आहेत, ज्याचं घर त्याचं बिल, आणि एका घरातला माणूस दुसऱ्या घरातल्याशी बोलू शकतो. जाहिराती नाहीत. मूळ संस्थेला लोक देणग्या देतात, पण तो पैसा सॉफ्टवेअर बनवण्यासाठी आणि त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरसाठी. मिरजेचं बिल त्यातून भरलं जात नाही. तुमच्या सभासदांपैकी निम्म्यांना हे माहीतच नसेल, आधी ते सांगा.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्या नावाजलेल्या संस्थेनेही आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४मध्ये बंद केला. त्याच महिन्यात 'बॉट्सइन.स्पेस' हा जुना, लोकांचा लाडका सर्व्हर नुसता वाचण्यापुरता उरला. तो एकट्याच्या जिवावर चालत होता, अगदी तुमच्यासारखा. याउलट 'सोशल.कूप' २०१७पासून सभासदांच्या वर्गणीवर चालू आहे. प्रत्येक जमा-खर्च 'ओपन कलेक्टिव्ह' या खुल्या हिशेबाच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतो आणि निर्णय सभासद मतदानाने घेतात. कॅनडातली 'कोसोशल' तर रीतसर नोंदलेली सहकारी संस्था. वर्षाला ५० कॅनेडियन डॉलर भरायचे आणि सभासद व्हायचं. साखर कारखाने आणि पतसंस्था पाहिलेल्या माणसाला यात नवीन काय?

आता तुमचा हिशेब. वर्षाचे ५१,६००. त्यात तुम्ही एक गोष्ट धरलीच नाही : रात्री भांडणं सोडवणारा, विषारी अळंब्याचा फोटो 'खाण्याजोगा' म्हणून टाकला की धावत येऊन काढणारा माणूस. तुम्हीच ना? त्याला महिना १,५०० मानधन लिहा, वर्षाचे १८,०००. तुम्ही ते घेतलं नाहीत तरी वहीत दिसू द्या, नाहीतर तुम्ही आजारी पडाल तेव्हा बदली माणूस फुकट शोधावा लागेल. वर ७,००० सिंकिंग फंड, म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूला टाकायची रक्कम. एकूण ७६,६००.

दीडशेपैकी साठच देतील असं धरा. ६०० रुपयांप्रमाणे ३६,०००. आणखी वीस जण असे निघतील की ज्यांच्याकडून २,००० मागायला हरकत नाही, त्यांचे ४०,०००. उरलेले ६०० तुमच्या खिशातून, तेवढं चालेल.

मागायचं मात्र वर्षातून एकदाच, आणि आषाढात. करटोली, टाकळा, कुर्डू यांचे फोटो पडत असतात तेव्हा लोकांना सर्व्हर आपला वाटतो. मार्चमध्ये कोण देणार? क्यूआर कोड नुसता टांगून ठेवला तर तो देवळाबाहेरच्या पेटीसारखा होतो, लोक नमस्कार करून पुढे जातात. गणपतीची वर्गणी कशी मिळते? पोरं दारात येतात, पावती फाडतात आणि नंतर फळ्यावर नावं लागतात. तुम्हीही एकेकाला नावाने निरोप पाठवा, दर तीन महिन्यांनी खर्च जाहीर करा. ज्याला जमत नाही त्याचं खातं मात्र बंद करू नका.

नर्सरीवाल्यांकडून देणगी घ्या, पण वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शाच्या आत आणि माथ्यावर नाव न लावता. बाकी देणगीदारांच्या यादीत त्यांचंही नाव. त्यांना ते नको असेल तर त्यांना जाहिरातच हवी होती, हे कळेल. हा पैसा वर्गणीत धरू नका, थेट फंडात टाका. मॅस्टोडॉनच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव हवं असेल तर सर्व्हर बंद करण्याआधी तीन महिने सूचना देण्याची अट आहे. तेव्हा तीन महिन्यांचं बिल, म्हणजे १२,९००, कायम शिल्लक हवं.

तुमच्या वैयक्तिक खात्यात हे सगळं घेऊ नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,०००च्या वर रक्कम बिनमोबदला आली, तर ती सगळी तुमचं करपात्र उत्पन्न ठरते. सात जण जमले की सोसायटी (घरांची नव्हे, संस्था) नोंदवता येते, पैसा तिच्या खात्यात घ्या. न्यू जर्सीतल्या दोघांना आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील तर ते कायद्यातल्या 'विदेशी योगदानात', म्हणजे परक्या देशाच्या माणसाकडून आलेल्या पैशात, मोडत नाही. अमेरिकन नागरिक असतील तर मोडतं, मग आडनाव कितीही मराठी असो. सीएला विचारल्याशिवाय त्यांचा डॉलर घेऊ नका.

बिल कमी करायची एक युक्ती माझ्या भाच्याने सांगितली. बाहेरच्या सर्व्हरवरून आलेले फोटो तुमच्याकडे साठत राहतात. ते ठरावीक दिवसांनी पुसायची सोय सेटिंगमध्ये आहे. सात दिवस करून बघा.

आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे? तुमच्या असेल, आणि नूतनीकरण तुमच्याच कार्डावर असेल, तर आज डोमेनचा पासवर्ड दुसऱ्या एका माणसाला द्या. मॅस्टोडॉन सर्व्हरचं डोमेन नंतर बदलता येत नाही. 'क्वीअर.एएफ' या सर्व्हरचं डोमेन अफगाणिस्तानचं होतं, ते फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या राजवटीने काढून घेतलं आणि सगळ्यांचे पत्ते एका दिवसात गेले. तुमच्याकडे तालिबान येणार नाही, पण कार्डाची मुदत संपेल.