सोलणे, सोलवटणे आणि असोला नारळ

'सोलणे' हे क्रियापद 'साल'वरून आलं का, आणि 'सोलवटणे' म्हणजे तेच का, असा प्रश्न आहे.

अर्थ इतका जवळचा की 'साल'कडे बोट जाणारच. पण 'साल'मधल्या आ-चा ओ व्हायला कारण दिसत नाही. 'साल'मागे संस्कृत 'छल्ली' आहे. हिंदीत तिची 'छाल' झाली. 'सोलणे'मागे 'छोल्ल' हा प्राकृत धातू आहे. हिंदीत तो 'छोलना' म्हणून राहिला. दोन्हीकडे मराठीनं छ-चा स केला, आणि तो ती नेहमीच करत आली आहे: छुरी-सुरी, छोड़ना-सोडणे, पूछना-पुसणे, मछली-मासा.

'छोल्ल'चा फार सुंदर दाखला 12व्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात आहे. अपभ्रंश भाषेत 'तक्ष्' म्हणजे तासणे, याच्या जागी 'छोल्ल' येतो असं सांगून तो एक दोहा देतो. त्याचा आशय असा: तीक्ष्ण किरण हाती घेऊन चंद्राला कसंबसं सोलता आलं असतं, तर त्या गोरीच्या मुखकमळाची थोडीफार सर त्याला आली असती. व्याकरणाच्या नियमाला याहून देखणं उदाहरण मला माहीत नाही.

आता अर्थ. सोलायला सोलणारा लागतो. आपण केळं, लसूण, मटार सोलतो, खाटीक बकरा सोलतो. आवरण आपसूक सुटलं तर मराठी दुसरे शब्द काढते: साप कात टाकतो, भिंतीचे पोपडे निघतात, जखमेची खपली पडते. 'सोलवटणे' या दोहोंच्या मधलं. सायकलवरून पडल्यावर गुडघा सोलवटतो, तेव्हा तो कुणी सोललेला नसतो. घासून कातडी गेलेली असते. नुसते ओरखडे उठले तर 'खरचटलं' पुरे. 'सोलपटणे' हे याचंच दुसरं रूप. रागाच्या भरात मात्र 'सोलून काढीन' असंच म्हणतात, कारण तिथे करणारा समोर उभा असतो.

कोकणात या धातूचा संसार मोठा आहे. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, वाळवलेल्या साली म्हणजे सोलं, त्यांची सोलकढी. आणि वरचं सोडण, म्हणजे काथ्याचं आवरण, न काढलेला नारळ तो 'असोला', म्हणजे न सोललेला. काहींना त्यात 'ओला' ऐकू येतं, पण तसा संबंध नाही. आतलं खोबरं सुकून गोटा झालेला नारळही सोडणासकट असला तर असोलाच.