दाहक कोण आणि दाहसूचक कोण?

सीओपीडी या फुप्फुसाच्या जुन्या आजाराविषयी रुग्णांसाठी पुस्तिका लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ‘सीओपीडीच्या एक्झॅसर्बेशनमध्ये इन्फ्लमेटरी मार्कर्स वाढतात’ याचं मराठी त्यांनी ‘जुनाट फुप्फुसविकाराच्या तीव्रतेत दाहक चिन्हके वाढतात’ असं केलंय. चालेल का?

नाही चालणार. पहिली अडचण ‘दाहक’ची. दाहक म्हणजे जाळणारं, आग करणारं. आम्ल दाहक, ऊन दाहक, आणि अग्रलेखांत वास्तवही दाहक! रक्तातलं सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) हे प्रथिन काही जाळत नसतं, कुठेतरी जळतंय एवढी वर्दी देतं. नातं षष्ठीचं आहे, दाहाचा सूचक. म्हणून ‘दाहसूचक’. ‘चिन्हक’ हा शब्द पुस्तिकेबाहेर कुणाच्या तोंडी ऐकलाय का?

‘दाहदर्शक’ही सुचवला जातो, पण मला ‘सूचक’च जवळचा वाटतो. सीआरपी तयार होतं यकृतात. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला की त्याचा निरोप रक्तातून यकृतापर्यंत जातो आणि काही तासांतच सीआरपी वाढू लागतं. दाताच्या मुळाशी पू झाला तरी तेच होतं. म्हणजे ते बोट दाखवत नाही, नुसतं सुचवतं. शिवाय धाप वाढलेली असतानाही कधी कधी ते जागचं फारसं हलत नाही. (त्यातल्या ‘सी’चा उगम मात्र फुप्फुसाच्याच दुखण्यात आहे. 1930 साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात हा पदार्थ सापडला. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाशी तो जुळायचा, म्हणून हे नाव.)

प्रयोगशाळेत न जाता दिसणारा दाहसूचकही असतो, तो म्हणजे बेडका. डॉक्टर ‘रंग बदललाय का?’ विचारतात ते उगीच नाही. पांढऱ्या पेशींमधलं एक विकर (एन्झाइम) मुळातच हिरवट असतं. या पेशी कफात मोठ्या संख्येनं उतरल्या की पांढरट बेडका पिवळा, मग हिरवा दिसू लागतो.

आता खुद्द ‘दाह’. इन्फ्लमेशनच्या लॅटिन मुळातही पेटवणंच आहे, त्यामुळे ‘दह्’ धातू चपखल बसतो. पण रुग्ण म्हणेल, ‘मला छातीत आग होत नाही हो, दम लागतो.’ आयुर्वेदाचा ‘शोथ’ मुळात फुगण्याचा शब्द. संधिशोथ, यकृतशोथ यांत तो रुळला, पण एकटा उभा राहिला की वाचक अडखळतो. मराठी विश्वकोशानं ‘शोथ’पुढे ‘दाहयुक्त सूज’ असा खुलासा देऊन ही अडचण सोडवली आहे. पुस्तिकेत पहिल्यांदा ‘दाहयुक्त सूज’ लिहा, पुढे नुसतं ‘दाह’. फक्त ‘सूज’ नको. पाय सुजणं आणि श्वासनलिका सुजणं वाचकाला एकच वाटेल.

सगळ्यात मोठी चूक मात्र ‘तीव्रते’ची. तीव्रता म्हणजे दुखणं किती जोरात आहे त्याचं माप. एक्झॅसर्बेशन ही घटना आहे. एरवी आटोक्यात असलेला खोकला, धाप, कफ काही दिवसांत एकदम वाढतात. मराठीत दुखणं ‘उलटतं’, पण ते बरं होत आलेलं. ‘चिघळते’ ती जखम. ‘बळावतं’ ते हळूहळू. मुरलेलं जुनं दुखणं अचानक डोकं वर काढतं, तेव्हा ते ‘उचल खातं’. नेमका हाच अर्थ हवा आहे. पगाराची उचल कुणाला आठवली तर आठवू दे, ‘खाणे’ जोडलं की घोटाळा राहत नाही.

तर माझं वाक्य असं: ‘फुप्फुसाचा जुना आजार उचल खातो, तेव्हा रक्तातले दाहसूचक बहुधा वाढतात.’ ‘बहुधा’ गाळू नका. मूळ वाक्यात तो नाही, पण असायला हवा होता.

आणि हो, सीआरपी वाढला, वाढली की वाढलं? प्रथिन नपुंसकलिंगी, म्हणून मी ‘वाढलं’ लिहितो. तिन्ही ऐकू येतात.