गळाला सहा फूट पुरत नाहीत

काठावरून : वाचकांचे प्रश्न (जुलै २०२०)

टाळेबंदीत या सदराचं टपाल आटलंच होतं. ३ जूनपासून सकाळच्या फिरण्याला मोकळीक मिळाली आणि पत्रं, फोन, व्हॉट्सॲप सगळं एकदम सुरू झालं. बहुतेकांचा प्रश्न एकच : काका, तळ्यावर जाऊ का? माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, म्हणून लोकांना वाटतं गेटची चावी अजून माझ्याच खिशात आहे. चावी नाही बाप्पा. पण विचारलंच आहे, तर माहीत आहे तेवढं सांगतो.

सकाळी ५ ते संध्याकाळी ७ मैदानी व्यायामाला परवानगी आहे. गळ टाकून बसणं व्यायामात धरता येईल का? मित्राला गाडीवर मागे बसवून खिंडसी तलावावर जायचा बेत आहे. — एक वाचक, प्रतापनगर

भाऊ, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. आदेशात सायकल, धावणं, जॉगिंग, चालणं असं लिहिलं आहे. घडीची खुर्ची, थर्मास आणि पोळीभाजीचा डबा घेऊन निघालेला माणूस व्यायामाला चालला आहे, हे नाक्यावरच्या हवालदाराला तुम्ही पटवून दाखवा, मग मी पण येतो.

आता मित्राचं. दुचाकीवर सध्या एकट्यानेच बसायचं आहे, मागे कोणी चालत नाही. चारचाकीत चालक अधिक दोन. आणि २९ जूनच्या आदेशात व्यायाम, खरेदी अशा कामांसाठी घराच्या आसपासच फिरा असं म्हटलं आहे. खिंडसी आपल्याच नागपूर जिल्ह्यात, म्हणून ई-पास लागत नाही, हे तुमचं बरोबर. पण प्रतापनगरहून रामटेककडच्या पन्नास किलोमीटरला आसपास म्हणायला फारच मोठं मन लागतं. गोसेखुर्द धरणाचं विचारणारेही बरेच आहेत. तिकडे भंडारा जिल्हा लागतो, तिथे पास हवा, आणि मासे धरायला जातो म्हटल्यावर पास मिळेल असं मला वाटत नाही.

१० एप्रिलला केंद्राने मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली, तो कागद अजून मोबाइलवर फिरतो आहे. ती सूट धंद्याला आहे : मासे काढणं, बर्फ, वाहतूक, विक्री. तुमच्या-माझ्या हौसेचा त्यात काही संबंध नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं तीच ढीवर-भोई मंडळींच्या काढणीची वेळ, आणि यंदा नेमकी तेव्हाच टाळेबंदी पडली. बहुतेक तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात, माशांचं बीज त्यांनी पैसे मोजून टाकलेलं असतं. पुढे मोकळीक मिळाली की आधी संस्थेच्या माणसाला विचारा, आणि त्याने पावती फाडली तर घासाघीस करू नका.

आमचे हे आणि त्यांचे तीन मित्र रोज पहाटे जवळच्या तलावावर जातात. "आम्ही दूरदूर उभे राहतो, मास्क लावतो" म्हणतात. मला विश्वास नाही. — एक वाचक भगिनी, मानेवाडा

ताई, दूर उभे राहत असतील, त्यात खोटं नसेल. गळ टाकणारे मुळातच एकमेकांच्या जवळ उभे राहत नाहीत. कोरोनाला सहा फूट पुरतात, गळाला पुरत नाहीत. सात फुटांचा रॉड मागे नेऊन झटका दिला की त्याच्या टोकाला चार-पाच फूट दोर आणि त्याच्या टोकाला काटा. तो मागच्याच्या कानाला लागला म्हणजे सगळे नियम आठवतात. दोघांत तीन-चार रॉड मावतील एवढी जागा हवीच.

मला शंका वेगळीच आहे. तुम्ही त्यांना खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं, विचारा. नागपूरचे चार पुरुष पाण्याच्या काठाला बसले आणि खर्रा निघाला नाही, असं मी पाहिलेलं नाही. एक जण खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी तळहातावर घेतो, अंगठ्याने रगड-रगड रगडतो, पन्नीचं तोंड उघडतो आणि पुढे करतो. मग चौघांची बोटं त्याच पन्नीत जातात आणि तिथून थेट तोंडात. त्यासाठी मास्क हनुवटीवर येतो. पुढच्या पाच मिनिटांत पिचकारी. खर्ऱ्यावर राज्यात बंदी आहेच, आता सार्वजनिक जागी तंबाखू खाणं आणि थुंकणं यालाही मनाई आहे. सगळा वेळ पंधरा फुटांवर उभं राहायचं आणि एका पन्नीसाठी जवळ यायचं, याला काय अर्थ आहे?

डबा ज्याचा त्याने, पाण्याची बाटली ज्याची त्याने. आमिषाचा कणकेचा गोळासुद्धा घरूनच वेगवेगळा मळून न्यावा. सॅनिटायझर लावलेल्या हाताने आमिष लावलं तर मासा तोंड लावत नाही, अशी तक्रार पुष्कळांची आहे. माशाचं नाक तिखट असतं, त्यामुळे तक्रार खरी असणार. साबणाने हात धुवा, पाण्याने खळखळून काढा, मग गोळा हातात घ्या. आणि चौघं मिळून जाणं सध्या नियमात बसत नाही, हे मात्र त्यांना तुम्हीच सांगा. माझं नाव सांगितलं तरी चालेल.

मी कोणालाच सोबत नेत नाही. पहाटे पाचला एकटाच कालव्यावर जातो, त्यामुळे कोरोनाचा प्रश्नच मिटला. बरोबर ना? — एक वाचक, पारशिवनी तालुका

कोरोनाचा मिटला. बाकीचं सांगतो, कारण या महिन्यातलं मला सगळ्यात काळजीत टाकणारं पत्र हे आहे.

तुम्ही कालवा म्हणता. धानाच्या हंगामात पेंचच्या कालव्याला पाणी सुटतं. वरून पाहिलं तर संथ दिसतं. पण अस्तरीकरण झालेल्या कालव्याचे दोन्ही काठ काँक्रीटचे आणि तिरके असतात, आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा हिरवा पट्टा धरतो. त्या पट्ट्यावर पाय पडला की माणूस बसल्या-बसल्या आत घसरतो. आत गेल्यावर धरायला झाड नाही, दगड नाही, मुळी नाही. हात वर टेकवावा तर तोही शेवाळावरच. प्रवाह पुढे नेत राहतो आणि पट्टीचा पोहणाराही काठाला लागून वर चढू शकत नाही. कालव्यावरच्या चौकीदारांना हे विचारा, ते माझ्याहून जास्त सांगतील. कालव्यावर गळ टाकू नका, एकटे तर नाहीच.

धरणाचंही सांगून ठेवतो. पाण्याकडच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवर, पावसाळ्यात चप्पल घालून उतरू नका, सांडव्याच्या खाली उभं राहू नका, आणि नदीच्या पात्रात असाल तेव्हा पाणी सोडण्याचा भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका. सामान वाहून गेलं तर दुसरं येतं. तळ्याचा काठ काळ्या मातीचा असेल तर पाऊल टाकण्याआधी काठीने चाचपा. वरून पापुद्रा धरलेली आणि खालून लोण्यासारखी, अशी ती माती असते.

अंतराचा नियम माणसांना एकमेकांपासून दूर ठेवायला आहे, माणसाला एकटं पाडायला नाही. पंचवीस-तीस फुटांवर कोणी बसलेला असेल तर त्याच्या खोकल्याचा तुम्हाला त्रास नाही आणि तुमची हाक त्याला ऐकू जाते. मला हेच माप बरोबर वाटतं. कोणी मिळालं नाही तर त्या दिवशी जाऊ नका. गेलात तर घरी जागा सांगून जा, "तिकडेच कुठेतरी" असं नाही. गळ्यात शिट्टी, मोबाइल पन्नीत. तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन झाकण घट्ट लावून लांब दोराला बांधून काठावर ठेवा. कोणी पडलं तर ती फेकायची, स्वतः उडी टाकायची नाही. आणि ओढून काढताना सहा फूट विसरा. आधी माणूस बाहेर, हात मागून धुता येतात.

ढग गडगडले की रॉड खाली ठेवून काठ सोडायचा. हल्लीचे कार्बनचे रॉड वीज चांगली वाहून नेतात, आणि मोकळ्या काठावर उंच असं तुम्ही आणि तुमचा रॉड एवढंच असतं.

बोटिंग बंद आहे म्हणून आम्ही दोघा मित्रांनी हवा भरायची रबरी बोट मागवली आहे. स्वतःची बोट, मग परवानगी कशाला? दोन टोकांना दोघं बसलो तर अंतरही राहतं. — एक वाचक, हिंगणा

पोरा, बोट तुझी असेल, पाणी तुझं नाही. जलाशयात काहीही उतरवायचं तर पाटबंधारे विभागाला विचारावं लागतं, शहरातल्या तलावाला महापालिकेला. तोतलाडोह जलाशयाचं नाव पत्रात नाही, पण सांगून ठेवतो : तो पेंच राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे बोट आणि गळ दोन्ही नेलेस तर गाठ वनविभागाशी आहे, आणि ते प्रकरण दंडाच्या पावतीवर सुटणारं नाही.

अंतराचा हिशोब कर. दोघांच्या रबरी बोटीची बाहेरची लांबी साधारण आठ फूट. दोन्ही बाजूंची फुगलेली नळी वजा केली की आत बसायला पाच-साडेपाच. त्यात दोघांचे पाय. गुडघ्याला गुडघा लागतो, दोघांच्या तोंडांमध्ये तीन-साडेतीन फूट राहतात. दोन टोकांना सरकून बसलात तर मधला भाग वर उचलला जातो आणि वल्हं धड लागत नाही. एका घरातले दोघं असते तर गोष्ट वेगळी होती.

शिवाय आपल्याकडचे तलाव म्हणजे काही स्विमिंग पूल नाहीत. धरणं बांधली तेव्हा बुडालेली बाभळीची झाडं अजून खाली उभी असतात, काठाला बेशरमाची झुडपी माजलेली असते, तिचे वाळके खुंट टोकदार असतात. संस्थेची जाळी पाण्याखाली वीतभरावर लावलेली असतात, त्यात वल्हं गुंततं आणि जाळं फाटलं तर गरिबाचं नुकसान होतं. पाऊस यायच्या आधी वारा सुटतो तेव्हा रबरी बोट पानासारखी वाहते. दोन वल्ह्यांनी तिला परत आणणं होत नाही, मी म्हणतो म्हणून ऐक.

लाइफ जॅकेट प्रत्येकाचं वेगळं ठेव, कोणाचं घालू नको, कोणाला देऊ नको. साबणाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळव, कडक उन्हात कापड कुजतं. आणि पाण्यात पडलास तर पहिल्यांदा तोंडावरचा मास्क ओढून काढ. ओलं कापड नाकाला चिकटतं आणि श्वास घेऊ देत नाही. बोट सध्या घडी करून ठेव, फक्त उंदरांपासून सांभाळ.

माशातून कोरोना होतो असा निरोप आला आहे, बीजिंगच्या बाजाराचा. आम्ही भोईपुऱ्यातून मासे आणणं बंद केलं आहे. — एक वाचक भगिनी, इतवारी

बीजिंगला जूनमध्ये बाहेरून आलेला सामन मासा ज्या पाटावर कापत होते, त्या पाटावर विषाणूचा अंश सापडला, एवढीच ती बातमी. मासा आजारी होता असं त्यात नव्हतं, आणि मासा खाऊन हा रोग झाल्याचा पुरावाही कोणी दिलेला नाही. आपला रोहू तर गोड्या पाण्यातला, सावजी रश्श्यात उकळून निघतो. भीती बाजारातल्या गर्दीची धरा. उशिरा न जाता उघडल्या-उघडल्या जा, मास्क लावा, कोळिणीशी भाव लांबून करा, घरी आल्यावर हात, पिशवी आणि पाट धुवा. चढ्या भावात घ्या, पण घ्या. त्या बायांचे तीन महिने फार वाईट गेले आहेत.

शाळा बंद आहे. आमच्या गावच्या तळ्यात काठाशी लाल रंगाच्या बारीक पिल्लांचा घोळका फिरतो आणि खालून मोठा मासा उडी मारतो. तो गळाला लगेच लागेल का? — आठवीतला विद्यार्थी, मौदा तालुका

शाबास, नजर चांगली आहे. ती मरळ आहे. पावसाळ्यात मरळ अंडी घालते, आणि पिल्लं नारिंगी-लाल असतात तोवर आईबाप त्यांच्या खाली राखण करत फिरतात. घोळका बघ : एकदम वर येतो, पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखं दिसतं, मग सगळी एकाच वेळी खाली जातात. मरळीला वरची हवा घ्यावी लागते, म्हणून ती येरझार असते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : हो, लगेच लागेल. त्या दिवसांत घोळक्यात काहीही पडलं तरी ती चिडून तोंड मारते, भूक नसली तरी. म्हणूनच तिथे गळ टाकायचा नाही. आई गेली की तो सगळा घोळका बाकीच्या माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातो. रोहू, कटला यांचीही हीच वेळ, पुराच्या वाहत्या पाण्यात ती वर चढतात. नाल्याच्या तोंडाशी पोट फुगलेली मादी सापडली तर सोडून दे.

रोज जाऊन बघ मात्र. काठापासून चार हात दूर उभा राहा, मोठं माणूस बरोबर घे, आणि पिल्लांचा रंग कोणत्या दिवसापासून काळपट व्हायला लागतो ते वहीत लिहून मला कळव. मला ते छापायचं आहे.

गळाचे काटे आणि दोर कुठे मिळतील? दोनदा गेलो, दुकान बंद होतं. — एक वाचक, गोकुळपेठ

दुकानं सध्या सम-विषम पद्धतीने उघडतात. रस्त्याची एक बाजू आज, दुसरी उद्या, नऊ ते पाच. तुम्ही दोन्ही वेळा चुकीच्या तारखेला गेलेले दिसता. फोन करून जा. घरी जुने काटे असतील तर आधी ते बघा. गंजलेला फेकून द्या, नुसता बोथट झालेला बारीक कानशीवर दोन हात फिरवून चालतो.